आजोबांचे बिल्ले मोडीत घालू नका!

लष्करी पदके जमविण्याचा एक छंद जगात आहे आणि त्या छंदाचा मोठा बाजारही आहे, ही गोष्ट आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक आहे. लंडनमधील स्पिंक, नूनन्स अशा लिलावगृहांत या पदकांचे लिलाव नित्य होतात. त्यांचे कॅटलॉग निघतात. एखाद्या पदकाखाली ते कोणत्या शिपायाचे, कोणत्या पलटणीचे, कोणत्या लढाईचे याची बारीक अक्षरांत माहिती असते. ज्याच्या गावात त्याला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले नाही, अशा एखाद्या शिपायाचे नाव तिथे अदबीने छापलेले असते आणि त्याच्या पदकासाठी श्रीमंत गिऱ्हाईक बोली लावीत असते. इकडे पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात पथारीवर जुनी कुलपे, अडकित्ते, पितळी दिवे, राणीछाप नाणी यांच्या शेजारी तसलीच पदके पडलेली दिसतात. पथारीवाला ती वजनावर घेतो आणि नगावर विकतो. आमचा प्रश्न साधा आहे. ही पदके त्या पथारीवर आली कुठून? ती आभाळातून पडलेली नाहीत. ती आपल्याच घरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांतून, फडताळांतून, देव्हारा काढून टाकल्यावर रिकाम्या झालेल्या कोनाड्यांतून गेलेली आहेत.

खेड्यात त्याला कोणी पदक म्हणत नाही. बिल्ला म्हणतात. "आमच्या आज्याचे बिल्ले होते, पोरांनी खेळून हरवले," हे वाक्य आम्ही महाराष्ट्रातल्या किती वस्त्यांत ऐकले याची गणती नाही. ज्या घरात पूर्वी पलटणीचा माणूस होता त्या घराची आजही ओळख असते. कुणाचे आडनाव मागे पडले आणि घराला 'सुभेदाराचे घर', 'हवालदाराचा वाडा' हेच नाव चिकटले. घराला नाव राहिले, पण ज्याच्यामुळे राहिले त्याची एकही खूण घरात राहिली नाही.

या बिल्ल्यांत एवढे काय आहे, असे कोणी विचारील. चांदीचा भाव सोडून द्या. ब्रिटिश अमदानीतील बहुतेक मोहिमांच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली किंवा ठोकलेली असते. पुढच्या बाजूला राजा-राणीचा मुखवटा, मागच्या बाजूला सिंह, घोडा, देवी असे काहीबाही. ते सगळ्या पदकांवर सारखेच. आपल्यासाठी महत्त्वाची आहे ती फक्त कड, कारण नाव कडेवर असते.

आता याची दुसरी बाजू पाहा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. कोकणात, साताऱ्याकडे त्या अजून चावडीच्या, शाळेच्या भिंतीवर दिसतात. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यांवर मजकूर. संख्या आहे, नाव नाही. इराकमधील बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा दिला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केले की, पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १ लाख १६ हजार आफ्रिकी व आशियाई माणसांची, कदाचित त्याहूनही अधिक जणांची, नावे कुठेही नोंदली गेली नाहीत. सरकारदरबारी शिपायाचे नाव असे गहाळ होत होते, तेव्हा ते एका ठिकाणी मात्र शाबूत राहिले, त्याला मिळालेल्या पदकाच्या कडेवर. ज्याला गावात पाटील-कुलकर्णी 'राम्या', 'गोप्या' म्हणून हाक मारीत, त्याचे पुरते नाव हुद्द्यासह धातूवर ठोकून देणारा कागद दुसरा कुठला होता? जन्माची नोंद नाही, सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही. आपल्या कित्येक कुटुंबांच्या इतिहासात लेखी पुरावा म्हणून ही एवढी एकच वस्तू आहे. वकिलीच्या धंद्यात आम्हाला पुराव्याची किंमत कळते, म्हणून हे लिहीत आहोत.

भीमा कोरेगावचेच घ्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा विजयस्तंभ आपल्या सर्वांना पाठ आहे. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती. स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत, हे आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. परंतु त्या लढाईचे एक पदकही निघाले होते, हे किती जणांना माहीत आहे? 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' असे त्याचे नाव. १७९९ ते १८२६ या काळातील लढायांसाठी ईस्ट इंडिया कंपनीने ते १८५१ साली मंजूर केले. चांदीचे पदक, त्यावर लढाईच्या नावाची पट्टी. खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर अशा वेगवेगळ्या पट्ट्या आहेत आणि त्यांतच एक पट्टी आहे 'कोरीगॉम', म्हणजे आपले कोरेगाव.

साल नीट लक्षात घ्या. लढाई १८१८ ची, पदक १८५१ चे. मधे तेहेतीस वर्षे गेली. आणि पदक मिळणार ते फक्त हयात असलेल्यांना. लढाईच्या दिवशी जो पंचविशीत होता तो आता साठीच्या घरात. स्तंभावर ज्यांची नावे आहेत त्यांना ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता; मागे राहिलेल्या विधवेला, पोरालाही नाही. जखमी होऊन पुढे पाच-दहा वर्षांत मेलेल्यांनाही नाही. त्यामुळे कोरेगावची पट्टी असलेली पदके मुळातच मूठभर निघाली. म्हणूनच जगभरच्या संग्राहकांमध्ये ती दुर्मीळ समजली जातात आणि बाजारात आलीच तर त्यांची मोठी बोली होते. आपण लाखोंच्या संख्येने स्तंभाला मानवंदना देतो, पण त्या लढाईच्या शिपायाच्या छातीवर लागलेली वस्तू पाहायची तर परदेशी लिलावाचा कॅटलॉग उघडावा लागतो. हे आपल्या चळवळीला शोभणारे आहे काय?

या पदकांच्या धातूची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. चातुर्वर्ण्य फक्त मनुस्मृतीतच असते असे समजू नका. इंग्रजांनी पदकांतही वर्ण पाडले. १८९५ च्या 'इंडिया मेडल'चे पाहा. लढणाऱ्या शिपायाला ते चांदीचे आणि पलटणीबरोबर राबणाऱ्या 'फॉलोअर'ला, म्हणजे पखालवाला, झाडूवाला, डोलीवाला, खानसामा, मोतद्दार यांना तेच पदक ब्राँझचे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या पदकाचेही तेच. पहिल्या महायुद्धाच्या 'ब्रिटिश वॉर मेडल'ची चांदीची सुमारे ६५ लाख पदके निघाली. ब्राँझची सुमारे १ लाख १० हजारच, आणि ती मुख्यतः चिनी, माल्टी व हिंदी मजूर पलटणींना दिली. गोळ्या दोघांवरही येत होत्या, पटकी दोघांनाही होत होती, पण एकाच्या छातीवर चांदी आणि दुसऱ्याच्या छातीवर ब्राँझ. हा झाडूवाला, पखालवाला कोणत्या जातींतून येत होता हे आम्ही आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गंमत अशी की, आज संग्राहकांच्या बाजारात त्या चांदीच्या पदकापेक्षा ब्राँझच्या पदकाला जास्त भाव आहे, कारण ते कमी निघाले आणि त्याहून कमी टिकले. ज्याला हलके म्हणून दिले तेच भारी ठरले. आपल्या घरातला बिल्ला चांदीचा नाही म्हणून ज्यांनी तो मुलांच्या हातात खेळायला दिला, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

एकच वस्तू अशी आहे की जिच्यात इंग्रजांनी हा भेद केला नाही. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी एक ब्राँझची गोल थाळी पाठविली जाई. तिच्यावर मृताचे नाव असे, हुद्दा नसे. कर्नल असो की शिपाई, मरणात सारे समान, असा त्यामागचा विचार. तळहाताहून मोठी, जड थाळी असते ती. कोणाच्या घरी असेल तर ती कशाची आहे हे माहीत नसल्यामुळे ती पाण्याच्या घागरीखालीही गेलेली असेल!

काही जण म्हणतील, इंग्रजांच्या चाकरीच्या खुणा आम्ही कशाला जपायच्या? हा प्रश्न दोन प्रकारचे लोक विचारतात. पहिले प्रस्थापित राष्ट्रवादी. त्यांच्याकडून आम्ही देशभक्तीचे धडे घेण्याचे कारण नाही. त्यांच्या वाडवडिलांनी इंग्रजांकडून घेतलेल्या रावबहादुरक्या, सनदा आणि जहागिऱ्या दिवाणखान्यात चौकटी करून लावलेल्या आहेत. त्यांना कोणी देशद्रोही म्हटलेले नाही. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावला निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले, ते मात्र याच प्रश्नाच्या आडून. दुसरे आपल्यातलेच काही तरुण कार्यकर्ते आहेत. त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

इंग्रज आपले कल्याण करायला आले नव्हते. त्यांनी आपल्या माणसांना गरज असेपर्यंत वापरले. लढाऊ जातींचे थोतांड उभे करून १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली. पलटणीत जन्मलेल्या, पलटणीच्या शाळेत शिकलेल्या एका अख्ख्या पिढीच्या पायाखालची जमीन त्यांनी काढून घेतली. त्याविरुद्ध पहिली विनंतीअर्जाची लढाई लढले ते निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर. नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केले, पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला दिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा इंग्रजांना महार पुन्हा आठवले; १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि काम संपताच १९२१ मध्ये ती मोडलीही. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार समितीवर आले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे आपला लष्करी इतिहास हा इंग्रजांच्या मेहेरबानीचा इतिहास नाही. तो बंद केलेला दरवाजा पुन्हा पुन्हा ठोठावण्याचा इतिहास आहे. आणि तो ठोठावताना आपल्या पुढाऱ्यांच्या हाती एकच पुरावा होता, पूर्वी केलेली सेवा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे त्याच पलटणीच्या जगातून आलेले. महूची छावणी नसती, पलटणीची शाळा नसती, तर पुढचा इतिहास कसा घडला असता याचा विचार ज्याने त्याने करावा.

बौद्ध म्हणून एक शंका आम्हालाही अनेकदा विचारली जाते. युद्धाच्या वस्तू घरात ठेवणे धम्माला धरून आहे काय? भगवान बुद्धांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत शस्त्रांचा व्यापार येतो. बिल्ला हे शस्त्र नाही आणि तो जपणे हा व्यापार नाही. उलट तो विकणे हाच व्यापार झाला! मात्र जुनी संगीन, तलवार, पिस्तूल असे काही घरात असेल तर ती वेगळी बाब आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशा जुन्या, पुराणवस्तू ठरणाऱ्या हत्यारांना सवलत आहे. पण आपल्या घरातले हत्यार त्यात बसते की नाही हे स्वतः ठरवू नये, वकिलाला विचारावे. आपल्या वस्तीत पोलीस कशासाठी येतात आणि दुसऱ्याच्या वाड्यात कशासाठी येत नाहीत, हे आपण जाणतो.

आता ही पदके गेली कशी ते पाहू. भूक हे पहिले कारण. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक साधारण एक औंसाचे, म्हणजे आजच्या बाजाराच्या हिशेबाने सुमारे तीन तोळ्यांचे. बहात्तरच्या दुष्काळात ज्या घरात मंगळसूत्राचा मणी राहिला नाही त्या घरात आज्याचा बिल्ला कसा राहणार? त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. पोटापुढे इतिहास हरतो. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदीचे भाव भडकले तेव्हा तर खुद्द इंग्लंडातही ही पदके पोत्यांनी आटविली गेली. पण आजचे काय? आज पोरगा बँकेत आहे, सून शिक्षिका आहे, दारात मोटारसायकल आहे, आणि तरीही बिल्ला मोडीत जातो. एकदा वारस दाखल्याच्या कामासाठी एक वयस्कर भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. सासऱ्यांची कागदपत्रे म्हणून त्यांनी एक फडके सोडले. त्यात पलटणीचे डिस्चार्ज बुक होते, ब्रह्मदेशच्या मोहिमेचा सहा टोकांचा तारा होता, आणखी एक मेडल होते. "साहेब, अजून एक चांदीचं होतं," त्या म्हणाल्या, "थोरल्या दिरानं नातवाच्या वाळ्यांसाठी सोनाराला दिलं. पोरगं महिनाभर वाळे घालून हिंडलं, मग ते पण घट्ट झाले." त्यांना त्यात वावगे काही वाटत नव्हते. सांगताना त्या हसल्यासुद्धा.

संग्राहकांविषयी आमच्या मनात द्वेष नाही. खरे सांगायचे तर त्यांच्यापैकी काहींनी केलेले काम आपल्या विद्यापीठांनी केलेले नाही. कोणत्या पलटणीला कोणते पदक मिळाले, कडेवरची अक्षरे कोणत्या वळणाची असतात, नकली पदक कसे ओळखावे, हे या लोकांनी वर्षानुवर्षे खपून लिहून ठेवले आहे. लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आणि ब्रिटिश लायब्ररीत पदकांच्या जुन्या याद्या आहेत, त्या धुंडाळणारेही बहुतेक हेच. मात्र संग्राहकाची नजर आणि वारसाची नजर एक नसते. संग्राहकाला पट्टी दुर्मीळ पाहिजे, रिबीन अस्सल पाहिजे. त्या माणसाचे पुढे काय झाले, त्याची पेन्शन कोणी खाल्ली, गावात परतल्यावर त्याला कोणत्या दारापासून हाकलले, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. व्यापाऱ्याचे तर विचारूच नका. एका शिपायाची तीन पदके एकत्र विकण्यापेक्षा तीन गिऱ्हाइकांना तीन विकली तर फायदा दिसला की तो संच फोडतो. फुटलेला संच पुन्हा जुळणे फार अवघड. एक नाशिकला, एक बर्मिंगहॅमला आणि एक कोणाच्या तरी गल्ल्यात.

कायदा काय म्हणतो हेही सांगून टाकतो, कारण या बाबतीत गैरसमज पुष्कळ आहेत. ज्याला पदक मिळाले तो माणूस लष्करी कायद्याखाली असेपर्यंत त्याने ते विकणे, गहाण ठेवणे, नष्ट वा विद्रूप करणे हा सैन्य अधिनियम १९५० च्या कलम ५४ खाली गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वारसांना हे कलम लागू होत नाही. वारसांच्या हाती ते जंगम मालमत्ता म्हणून येते. आणि आपण बौद्ध असलो तरी हिंदू वारसा कायदा १९५६ आपल्यालाच लागू करून ठेवलेला असल्यामुळे (त्या विषयावर स्वतंत्रपणे लिहू) मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलाइतकाच मुलीचाही हिस्सा असतो. म्हणजे एकट्या भावाने परस्पर सोनाराकडे नेणे कायद्यालाही धरून नाही. बहिणींनी हे जरूर लक्षात ठेवावे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावशेष ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नेल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. तिचा धंदा करायचा तर परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाच्या बहुतेक पदकांनी आता शंभरी ओलांडली आहे, तेव्हा आमच्या मते तीही या व्याख्येत येतात. पथारीवर त्यांचा उघड व्यापार चालतो आणि पुरातत्त्व खात्याला त्याचे सोयरसुतक नाही. १९६५ चा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी व पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही आपल्या स्वतंत्र देशाची पदके मात्र अजून शंभरीपासून दूर आहेत. त्यांना या कायद्याचे कवच नाही. ज्या संविधानाने कलम १८ खाली सगळ्या पदव्या-किताब रद्द केले, त्याच कलमात लष्करी आणि विद्याविषयक सन्मान मात्र राहू दिले आहेत, याचाही अभ्यासकांनी विचार करावा.

सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते, हे २०२५ मध्ये दिसले. पिपरहवा येथे १८९८ मध्ये पेप्पे या इंग्रजाने उत्खननात काढलेली, भगवान बुद्धांच्या अस्थिधातूंसोबतची रत्ने सोथबीने हाँगकाँगमध्ये लिलावाला काढली. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठविला, केंद्र सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. त्यासाठी एका मोठ्या उद्योगपतीला ती विकत घ्यावी लागली, ही गोष्ट वेगळी. बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते किंग हेन्री रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आपल्याच कार्यकर्त्यांनी जिवापाड जपल्या. म्हणजे जपण्याची वृत्ती आपल्यात नाही असे नाही. पण ती एका महामानवापाशी येऊन थांबते. त्या महामानवाच्या मागे जो साधा शिपाई, नाईक, हवालदार उभा होता त्याच्या वस्तूंसाठी आपल्याकडे एक कपाटही नाही. दर १ जानेवारीला कोरेगावच्या रस्त्यावर आपल्या प्रत्येक गटाची कमान उभी राहते, कमानीवर नेत्यांचे फोटो लागतात. त्यांतल्या एकाही गटाने आजपर्यंत शिपायांच्या वारसांची यादी केलेली आमच्या पाहण्यात नाही.

पंजाब्यांचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धातील पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात धूळ खात पडल्या होत्या. ब्रिटनमधील पंजाबी मंडळींनी एका विद्यापीठाला हाताशी धरून त्या संगणकावर आणायला घेतल्या आणि २०२१ पासून आजोबा-पणजोबांची नावे गावानिहाय शोधता येऊ लागली. आपले लोकही आज लंडनला आहेत, अमेरिकेत आहेत, मोठ्या पगारावर आहेत. जयंतीला स्टेज सजविण्याइतकेच हेही काम आहे. तेथील लिलावांचे कॅटलॉग चाळून महार पलटणींची पदके कुठे, कोणत्या नावाची निघाली एवढी टिपणे जरी त्यांनी करून ठेवली, तरी आपल्याला केवढा आधार होईल. विकत घेण्याची गोष्ट नंतरची.

पुण्याच्या बार्टीसारख्या संस्थेने हे काम अंगावर घ्यावे अशी आमची मागणी आहे, पण सरकारी संस्थेची वाट पाहत बसण्याची गरज नाही. प्रत्येक विहारात एक शंभर पानी वही एवढेच भांडवल पुरे. वस्तीत कोणाच्या घरी बिल्ला, डिस्चार्ज बुक, पलटणीचा फोटो, टोपीचा बिल्ला, पेन्शनचा कागद आहे हे विहार समितीने घरोघर फिरून लिहावे. महार रेजिमेंटच्या सैनिकाचा नंबर मिळाला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पुढचा माग काढता येतो. बिल्ला विहाराला देऊन टाका असे आम्ही म्हणत नाही. विहारातून तो कोणाच्या घरी जाईल याची हमी आज आम्ही देऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगतो. तो घरातच असू द्या. पीतांबरीने किंवा ब्रासोने घासू नका, चकाकी येते पण कडेवरची अक्षरे झिजतात. रिबीन विटली असली तरी काढून फेकू नका. दोन-तीन पदके एका दांडीवर असतील तर भावाभावांत वाटून घेऊ नका, एकाकडे ठेवा आणि बाकीच्यांनी फोटो घ्या. म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून ठेवा, कोण होता, कुठे गेला होता, परत आला तेव्हा काय घेऊन आला. मोबाईलवर बोलणे टिपून घेता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि येत्या १ जानेवारीला कोरेगावला येताना बिल्ला बरोबर आणू नका, गर्दीत हरवेल. फोटो आणा. समोरचा एक, मागचा एक, आणि तिरप्या उजेडात पदक हळूहळू फिरवत कडेचे तीन-चार, अक्षरे लागतील असे. फोटोच्या मागे गाव, तालुका, शिपायाचे नाव आणि ते सांगणाऱ्या नातलगाचे नाव लिहा. इंग्रजी अक्षरे मोडकीतोडकी असतात, 'नाक'चे स्पेलिंग दर पदकावर वेगळे असते. ती वाचून द्यायला आम्ही आणि आमचे चार-पाच वकील मित्र स्तंभाच्या रस्त्यावर सतरंजी टाकून सकाळपासून बसणार आहोत.